उभी लाट, आडवी लाट आणि जगदीशचंद्र बसू

अलिबागहून रेवदंड्याकडे निघा, किंवा खाली मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत जा आणि घरांच्या छपरांकडे बघत चला. कौलारू घर असो, पत्र्याची पडवी असो नाहीतर नवी स्लॅबची गच्ची, डिशची तबकडी आहेच. घराची ओटी भले समुद्राकडे बघत असेल, पण तबकडी मात्र समुद्राकडे पाठ करून बसलेली! फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. आपल्या किनाऱ्यावरून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर येतो. मधे माड आला तर चित्र गेलं, आणि आषाढातली मोठी सर आली तरी चित्र गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कौलं आणि पत्र्यांबरोबर तबकड्याही उडाल्या आणि पुन्हा बसवाव्या लागल्या.

एक तबकडी, एक टीव्ही असेल तोवर सगळं सोपं असतं. पण गणपतीला मुंबईचे चाकरमानी घरी येतात, पर्यटकांसाठी चार खोल्या काढलेल्या असतात, कुणाला फ्री डिश पाहिजे, कुणाला पैसे भरून क्रिकेट. मग गच्चीवर दोन तबकड्या येतात, एकामागून एक स्विच लागतात आणि केबलचं जाळं होतं. या सगळ्या स्विचांना नेमकं काय निवडायचं असतं? तर मुख्यतः एकच गोष्ट: उभी लाट की आडवी लाट.

मित्रांनो, पुस्तकात आपण याला ध्रुवीकरण म्हणतो आणि व्याख्या पाठ करून दोन मार्क मिळवतो. पण अडीच सेंटिमीटरच्या रेडिओलाटेची ही उभी-आडवी दिशा टेबलावर, हातात धरून ज्यांनी १८९५ ते १८९८ या काळात तपासली, त्यांना आपण शाळेत भलत्याच धड्यात भेटलो होतो. झाडांना संवेदना असतात हे सांगणारे शास्त्रज्ञ, एवढीच त्यांची ओळख आपल्याला करून दिली जाते. ते म्हणजे सर जगदीशचंद्र बसू. त्यांच्या आयुष्यातला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या हक्काचा भाग फारसा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

दरोडेखोराच्या खांद्यावरून शाळेत

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळात साहेबी नोकरीतली माणसं मुलांना इंग्रजी शाळेत घालत, पण भगवानचंद्रांनी मुलाला आधी बंगाली पाठशाळेत घातलं. तिथे वर्गात शेजारी बसायला कोण? वडिलांच्या हाताखालच्या मुसलमान शिपायाचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा. त्यांच्याकडून पाण्यातल्या जीवांच्या, पक्ष्यांच्या, जनावरांच्या गोष्टी ऐकत हा मुलगा वाढला. त्याला शाळेत नेणारा गडी तर एक जुना दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा ठोठावली होती आणि सुटून आल्यावर कुठे काम मिळेना म्हणून स्वतःच्याच घरी ठेवून घेतलं होतं!

पुढे वर्धमानला बदली झाली, तेव्हा तापाच्या साथीत अनाथ झालेल्या मुलांसाठी भगवानचंद्रांनी घराच्या आवारात कारागिरीचं वर्कशॉप काढलं. जगदीशचंद्रांच्या हाताला हत्याराची सवय लागली ती इथे. पहिल्या वर्षाला फिटिंगच्या जॉबवर कानस घासताना आपण कुरकुर करतो, त्यांना मात्र ही हातोटी जन्मभर पुरली.

मग कलकत्त्याचं सेंट झेवियर्स. तिथल्या फादर लाफों यांनी प्रयोग करून दाखवत भौतिकशास्त्र शिकवलं आणि गोडी लावली. १८८० मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण अंगात मुरलेला ताप शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने वाढायला लागला आणि वैद्यकी सोडावी लागली. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञान घेतलं. तिथे लॉर्ड रॅले शिकवायला होते. आपल्या अभ्यासक्रमात रॅले स्कॅटरिंग म्हणून जे येतात, तेच हे रॅले. वेव्हगाइडच्या गणितावरही त्यांनी पुढे १८९७ मध्ये लिहिलं. १८८४ मध्ये पदवी घेऊन जगदीशचंद्र परतले.

तीन वर्षं बिनपगारी

१८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या शिफारशीने कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी मिळाली, पण कॉलेजच्या वरिष्ठांच्या मनाविरुद्ध. नेटिव्ह माणसाला शास्त्र नीट शिकवता येणार नाही असा तेव्हाचा उघड समज होता. पगाराचा नियमही तसाच. भारतीय प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोनतृतीयांश, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे शेजारच्या वर्गात तेच शिकवणाऱ्या साहेबाच्या एकतृतीयांश.

जगदीशचंद्रांनी आरडाओरडा केला नाही, राजीनामाही दिला नाही. त्यांनी पगार घेणंच बंद केलं. आठवड्याला २६ तास शिकवायचं, प्रयोग दाखवायचे, आणि पगार आला की परत करायचा. एक महिना नाही, दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षं! आणि घरची परिस्थिती काही चांगली नव्हती. वडिलांनी लोकांच्या भल्यासाठी काढलेले उद्योग बुडाले होते आणि कर्जाचा डोंगर झाला होता. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं, त्या मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्या होत्या. नवा संसार, बिनपगारी नवरा आणि दारात सावकार. अबलाबाईंनी हे सगळं धरून ठेवलं, हेही सांगायलाच हवं.

शेवटी कॉलेज नमलं. पूर्ण पगारावर, मागच्या तारखेपासून नेमणूक कायम झाली आणि तीन वर्षांची थकबाकी एकरकमी हातात आली. ती गेली वडिलांचं कर्ज फेडण्यात.

खोली लहान, म्हणून लाट लहान

३० नोव्हेंबर १८९४. वय ३६ पूर्ण. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की यापुढे संशोधन करायचं. कॉलेजात संशोधनाला जागा नव्हती, अनुदान नव्हतं, शिकवण्याचे तास कमी होणार नव्हते. मिळाली ती स्नानगृहाला लागून असलेली सुमारे २४ चौरस फुटांची खोली. म्हणजे सहा फूट बाय चार फूट! मदतीला एक देशी पत्राकाम करणारा कारागीर. त्याला वर्धमानच्या वर्कशॉपातली भाषा समजावून सांगत उपकरणं घडायला लागली.

विद्युतचुंबकीय लाटा असतात हे हर्ट्झने १८८७-८८ मध्ये दाखवलं होतं. त्याची लाट होती सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीची. एवढी मोठी लाट वाकवायची, परतवायची तर लोलक आणि आरसे तितकेच मोठे लागतात. हर्ट्झचा डांबराचा लोलक माणसापेक्षा वजनदार होता. सहा बाय चारच्या खोलीत हे कसं मावणार? जगदीशचंद्रांनी प्रश्न उलटा फिरवला. खोली मोठी करता येत नाही ना, मग लाटच लहान करू. प्लॅटिनमच्या छोट्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून त्यांनी २.५ सेंटिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंतच्या लाटा तयार केल्या. आजच्या भाषेत १२ ते ६० गिगाहर्ट्झ.

आता हिशोब करा. घरगुती डिशचा केयू बँड साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ, म्हणजे लाटेची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. उपग्रह सोडाच, घरात रेडिओही नव्हता, तेव्हा हा माणूस कलकत्त्यातल्या अडगळीच्या खोलीत जवळपास आपल्या छपरावर उतरणाऱ्या मापाच्या लाटा घेऊन बसला होता!

लाट लहान झाल्यावर सगळंच लहान झालं. लाट नीट बाहेर काढायला चौकोनी नळी, म्हणजे आपला वेव्हगाइड. ती गोळा करायला पसरट तोंडाचं नरसाळं, म्हणजे आपला हॉर्न अँटेना. काचेऐवजी गंधकाची भिंगं. लाट आली हे कळायला बारीक स्प्रिंगांचा शोधक. अख्खी प्रयोगशाळा एका पेटीत मावायची. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडून, मधे उभ्या असलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अंगातून लाट पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारूही उडवून दाखवली.

टाइमटेबल आणि तागाची पेंढी

मे १८९५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी पहिला निबंध वाचला, तो या लाटांच्या ध्रुवीकरणावरच. लाट पुढे जात असते, पण तिचं कंपन होतं आडव्या अंगाने. दोरी वर-खाली हलवली तर उभी लाट, डावी-उजवी हलवली तर आडवी. लाट कुठल्या दिशेने कंप पावते हे ओळखायचं आणि निवडायचं कसं?

यासाठी त्यांनी जे वापरलं ते वाचून हसू येईल. एक होतं ब्रॅडशॉचं रेल्वे टाइमटेबल. त्या जाड पुस्तकाच्या पानापानांत त्यांनी कथलाचा वर्ख घातला. वर्खाला समांतर कंपन असलेली लाट पुस्तकातून जाईना आणि वर्खाला काटकोनात कंपन असलेली लाट आरपार गेली. पुस्तक ९० अंशांत फिरवलं की उलट. म्हणजे टाइमटेबल हाच निवडक स्विच! दुसरी वस्तू बंगालात गल्लोगल्ली मिळणारा ताग. तागाच्या पेंढीला पीळ देऊन तिच्यातून लाट सोडली, तर कंपनाची दिशाच फिरली. उजवा पीळ दिला तर एका बाजूला, डावा दिला तर दुसऱ्या बाजूला, दोन्ही सारखे मिसळले तर काहीच नाही. साखरेचं पाणी प्रकाशाची दिशा का फिरवतं, याचं हे दोरखंडी मॉडेल होतं. तो निबंध १८९८ चा. आज पदार्थाची घडण बदलून लाटेला हवं तसं वळवण्याचं जे नवं शास्त्र आहे, त्यात या पिळाच्या तागाचा उल्लेख पहिल्या उदाहरणांमध्ये होतो.

आता गच्चीवर चला. तबकडीसमोरच्या दांड्यावर जो ठोकळा असतो तो एलएनबी. त्याचं तोंड म्हणजे जगदीशचंद्रांच्या जातीचंच नरसाळं, त्याच्या घशात एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन बारीक काड्या. एक उभी लाट उचलते, दुसरी आडवी. उपग्रह एकाच वारंवारतेवर उभ्या लाटेतून एक चॅनेलसंच आणि आडव्या लाटेतून वेगळाच संच पाठवू शकतो, म्हणजे त्याच जागेत दुप्पट माल. फिटर शेवटी एलएनबी जरा तिरका फिरवून बघतो, तो याचसाठी. उपग्रह आपल्या बरोब्बर दक्षिणेला नसल्याने त्याची उभी रेषा आपल्याला कललेली दिसते. काडी त्या कलात बसली नाही तर एका लाटेत दुसरी मिसळते.

खोलीतला बॉक्स हवी ती लाट मागतो त्याच केबलमधून. १३ व्होल्ट पाठवले तर उभी, १८ पाठवले तर आडवी. त्यावर २२ किलोहर्ट्झचा टोन चढवला तर वरचा बँड, नसेल तर खालचा. दोन गुणिले दोन, चार पर्याय. आता दोन खोल्यांच्या केबली साध्या स्प्लिटरने जोडल्या तर काय होईल? एक बॉक्स १३ मागतो, दुसरा १८. जास्त व्होल्टेजवाला जिंकतो आणि पहिल्या खोलीतलं चित्र जातं. म्हणून मल्टिस्विच. चार तोंडांच्या एलएनबीतून चारही पर्याय चार केबलींनी कायम खाली आणायचे आणि प्रत्येक बॉक्सला स्विचने त्याच्या मागणीप्रमाणे एक द्यायचा. दुसरा उपग्रह आला की चाराचे आठ होतात, आणि कुठला उपग्रह हे सांगायला डायसेक नावाची आज्ञा त्याच २२ किलोहर्ट्झच्या टोनवर तुकड्या-तुकड्यांनी जाते. एकामागे एक असे दोन डायसेक स्विच लावले, तर पहिला वळल्याशिवाय मागच्याला वीजच मिळत नाही, मग तो आज्ञा ऐकणार कशी? म्हणून दोन्ही स्विच वेगवेगळ्या प्रकारच्या आज्ञा ओळखणारे घ्यायचे आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये आज्ञा पुन्हा पाठवायला सांगायचं. एवढं करूनही चित्र येत नसेल तर बाहेरचे एफ कनेक्टर उघडून बघा, आपल्याकडची खारी हवा त्यांना हिरवा गंज चढवते.

जगदीशचंद्रांनी डिश बनवली, असा याचा अर्थ नाही. तसं म्हणणं त्यांच्यावरही अन्याय होईल. त्यांच्यानंतर या लहान लाटा जवळपास चाळीस वर्षं बाजूला पडल्या, कारण मार्कोनी आणि बाकीच्यांना समुद्रापार जायचं होतं आणि त्याला लांब लाटा सोयीच्या. १९३० च्या दशकात अमेरिकेत वेव्हगाइड आणि हॉर्न पुन्हा नव्याने शोधावे लागले, मग महायुद्धातलं रडार आलं, मग उपग्रह. पण सगळी वाट चालून लोक पोहोचले, तेव्हा तिथे टाइमटेबल घेऊन हा माणूस आधीच येऊन गेला होता.

पेटंटची गोष्ट

१८९६ मध्ये लंडन विद्यापीठाची डीएससी मिळाली. त्याच वर्षी ते पेटी घेऊन इंग्लंडला गेले. लिव्हरपूलच्या सभेत लॉर्ड केल्व्हिन इतके खूश झाले की लंगडत जिना चढून अबलाबाईंचं अभिनंदन करायला गेले. २९ जानेवारी १८९७ ला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारचं व्याख्यान झालं, फॅरेडे ज्या जागी बोलायचे तिथे. जगदीशचंद्रांनी उपकरणाची रचना कुणापासून लपवली नाही. सगळं उघड सांगून टाकलं.

पैसे कमावायची संधी चालून आली नाही असं नाही. १९०१ मध्ये बिनतारी यंत्रं बनवणाऱ्या एका उद्योजकाने पेटंट घेण्यासाठी आणि नफ्यात अर्धी भागीदारी करण्यासाठी गळ घातली. जगदीशचंद्रांनी नकार दिला आणि रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहून हा प्रकार कळवला. ज्ञान विकायचं नाही ही त्यांची भूमिका. शेवटी भगिनी निवेदिता आणि अमेरिकन स्नेही सारा बुल यांच्या आग्रहावरून गॅलेना खनिजाच्या शोधकाचं अमेरिकन पेटंट घेतलं गेलं. अर्ज ३० सप्टेंबर १९०१ चा, मंजुरी २९ मार्च १९०४ ची, क्रमांक ७५५८४०. निम्मा हक्क सारा बुल यांच्या नावे. त्यातून कमाई करायचा प्रयत्न जगदीशचंद्रांनी केला नाही. हे पेटंट अर्धवाहक वापरणाऱ्या शोधकाचं. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या ब्रॅटन यांनी १९५५ मध्ये अर्धवाहकांचा इतिहास लिहिताना त्याचा मान जगदीशचंद्रांना दिला. मार्कोनीने डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश पकडताना वापरलेला पाऱ्याचा शोधकही जगदीशचंद्रांनी १८९९ मध्ये छापलेल्या रचनेवरून आलेला होता, असं १९९८ मधल्या एका संशोधनात मांडलं गेलं.

त्यांनी चूक केली का? हॉस्टेलवर या विषयावर रात्रभर वाद होऊ शकतो. पेटंट घेतलं असतं तर भारतात एखादा कारखाना उभा राहिला असता, असं एक मत. दुसरं मत असं की ज्याने हक्काच्या पगारासाठी तीन वर्षं एक पैसा घेतला नाही, त्याच्याकडून वेगळ्या वागण्याची अपेक्षाच चुकीची. माझ्या मते या दोन गोष्टी एकच आहेत. जे आपलं आहे ते एका पैशाने कमी घेणार नाही, आणि जे सगळ्यांचं आहे त्याचा एक पैसाही घेणार नाही.

झाडांकडे

१९०० नंतर ते या क्षेत्रातून बाहेर पडले. शोधक वारंवार वापरला की थकतो आणि विश्रांती दिली की ताजा होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग धातू, वनस्पती, स्नायू या सगळ्यांचे प्रतिसाद ते मोजत सुटले. वनस्पतींची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला, रॉयल सोसायटीने १९०१ मधला निबंध छापायचा थांबवला. त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असं नाही, पण झाडांमध्ये विजेचे संकेत धावतात हे आज मान्य आहे. १९१७ मध्ये सर ही पदवी मिळाली, त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, म्हणजे वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर स्थापन केलं. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला त्यांचं निधन झालं, एकोणऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा राहिला असताना. २०१२ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने त्यांच्या १८९४ ते १८९६ मधल्या प्रयोगांना मैलाच्या दगडाचा मान दिला.

मित्रांनो, आपल्याकडे इक्विपमेंट नाही, लॅब लहान आहे, बजेट नाही, ही वाक्यं आपण प्रोजेक्टच्या वेळी हमखास म्हणतो आणि ती बहुतेक वेळा खरीही असतात. जगदीशचंद्रांच्या बाबतीतही ती खरीच होती. फरक इतकाच की त्यांनी खोलीचं माप घेतलं आणि त्या मापाचा प्रश्न शोधला.

आणि एक काम. मायक्रोवेव्ह लॅबमध्ये एक्स बँडचा बेंच असतो, लाट साधारण तीन सेंटिमीटरची. समोरासमोर दोन हॉर्न लावा. एका जाड, जुन्या पुस्तकाच्या दर पाच-दहा पानांआड डबा गुंडाळायचा चंदेरी कागद घाला आणि ते मिटून मध्ये धरा, कागदांच्या कडा दोन्ही हॉर्नकडे करून. मीटर बघत पुस्तक सावकाश ९० अंशांत फिरवा. काटा एकदा पडेल, एकदा उठेल. व्हायवाला ध्रुवीकरणाची व्याख्या सगळेच सांगतात, तुम्ही ते पुस्तक घेऊन जा.